गाढव, तलाठी आणि तेहतीस हजार एकशे अठ्ठ्याऐंशी

भिवंडीत राहणाऱ्या माणसाला परवानगी म्हणजे काय हे शाळेत शिकवावे लागत नाही. ते त्याला मागांच्या खटखटीबरोबर आपोआप येते. एक काळ असा होता, की यंत्रमाग बसवायचा तर टेक्स्टाइल कमिशनरचे परमिट लागे. परमिटवाले माग आणि बिनपरमिटवाले माग एकाच शेडमध्ये, एकाच सुरात चालत आणि नुसत्या कानाला त्यांतला फरक कधी कळत नसे. पुढे मुंबईत माल न्यायचा तर जकात, म्हणून जकातीच्या वेशीबाहेर माल ठेवायला बरे, म्हणून माणकोली, दापोडे, काल्हेर, पूर्णा ह्या बाजूच्या भातशेतांत गोदामे उगवली. २०१७ च्या जुलैत जीएसटी आला आणि मुंबईची जकात गेली. गोदामे मात्र राहिली. गोदाम आले की फाटक येते, फाटक आले की वॉचमन येतो आणि वॉचमन आला की "पास दाखवा" येते. सासुरवाडीला निघालेल्या जावयालाही इथे दोन गोदामांमधल्या रस्त्यावर कोणीतरी हटकतो आणि जावई सवयीने खिसे चाचपतो.

इतक्या परवानग्यांमध्ये आयुष्य गेल्यावर मला एक प्रश्न पडत आलेला आहे. परवानगी मागायला खिडकी असते, हे कबूल. ती बहुधा बंद असते, हेही कबूल. पण 'ह्या गोष्टीची परवानगी कोणाकोणाला आहे?' एवढेच विचारायला कुठे खिडकी असते का? मला ती गोष्ट नको आहे. मला फक्त कळून घ्यायचे आहे, की ती कोणाला मिळते. हे विचारले, की खिडकीतला माणूस चष्म्याच्या वरून बघतो आणि म्हणतो, "तुम्हाला काय करायचंय?" मराठी भाषेत ह्या वाक्याला उत्तर नाही. ज्ञानाच्या कित्येक वाटा ह्या एका वाक्याने बंद केलेल्या आहेत.

तर ह्या प्रश्नाचा इतिहास. तो आमच्या तालुक्यातच सुरू होतो आणि, सांगायला थोडा संकोच वाटतो, एका गाढवापासून सुरू होतो.

भिवंडी तालुक्यात लोनाड नावाचे गाव आहे. तिथली लेणी पाहायला लोक अधूनमधून जातात आणि पोह्यांचे डबे उघडून परत येतात. ह्या लोनाडात आणि शेजारच्या चौधरपाड्यात उत्तर कोकणच्या शिलाहार राजांचे शिलालेख सापडले. लोनाडचा अपरादित्याचा, शके ११०६, म्हणजे ११८४ सालचा. चौधरपाड्याचा केशिदेवाचा, शके ११६१, म्हणजे १२३९-४० चा. केशिदेवाच्या लेखात ब्रह्मपुरी नावाची वस्ती शोंपेश्वर महादेवाच्या पूजाअर्चेशी संबंधित मंडळींना दान दिल्याची नोंद आहे. थोडक्यात सांगायचे तर तो त्या काळचा सातबारा. फरक एवढाच, की तो दगडावर असल्यामुळे त्याला वाळवी लागली नाही आणि 'साहेब, पुरात भिजला' असे कोणाला म्हणता आले नाही.

शिलाहारांच्या काळातल्या अशा पुष्कळ दानशिळांची एक ठरलेली मांडणी असते. वर सूर्य आणि चंद्र. अर्थ असा, की ते आहेत तोवर हे दान चालू. मध्ये मजकूर. खाली शापवचन आणि पुष्कळदा त्याचे चित्र. हे दान जो कोणी मोडील त्याची आई आणि एक गाढव, असा तो विषय आहे. ह्याहून जास्त मी लिहीत नाही, कारण हे पुस्तक घरातली माणसे वाचणार. अभ्यासक अशा दगडांना 'गधेगाळ' म्हणतात, यावरून ज्याने त्याने समजून घ्यावे.

आपण हसतो आणि पुढे जातो. पण जरा थांबून बघितले तर त्या दगडाने केवढी सोय करून ठेवली होती! जमीन कोणाला दिली हे लिहिले. किती काळासाठी दिली हे चंद्रसूर्यांकडून वदवले. आणि हा मजकूर बदलायची परवानगी कोणालाही नाही, हे अशा चित्रात सांगितले, की ज्याला अक्षर वाचता येत नाही त्यालाही झटकन कळावे. दगड उघड्यावर. राजा वाचो, गुराखी वाचो. 'तुम्हाला काय करायचंय' म्हणणारा मधे कोणी नाही. मधे फक्त गाढव, आणि तेही नुसते बजावण्यापुरते.

पुढे दगड गेले आणि कागद आला. कागद दगडापेक्षा शहाणा. तो घडी घालून ठेवता येतो, रुमालात बांधता येतो आणि रुमाल कपाटात घालून कपाटाला कुलूप लावता येते. गावचे दप्तर कुलकर्ण्याच्या घरी गेले. ते मोडीत लिहिलेले. मोडी ही भरभर लिहिण्यासाठी झालेली लिपी. तिने कोणाचे वाईट चिंतिले नव्हते. पण ज्याला बाळबोध अक्षराचीही मारामार त्याच्यापुढे मोडीचा कागद धरला, की तो कागद बंद पेटीसारखाच. आपल्या शेतावर कोणाचे नाव आहे, किती सारा आहे, कर्ज कोणी फेडले, हे त्याला कुलकर्णी सांगेल तेवढेच कळायचे. जोतीराव फुल्यांनी १८८३ साली 'शेतकऱ्याचा असूड' लिहिला तो ह्याच न वाचता येणाऱ्या माणसासाठी. कुलकर्णी वतने १९५० च्या कायद्याने गेली, मोडीही त्याच सुमारास मागे पडली. पण कागद कोणी वाचायचा आणि कोणी नाही, हे ठरवणारी माणसे काही वतनाबरोबर गेली नाहीत.

आणि हे नुसते शेतकऱ्याचेच होते असे नाही. पुण्यात पेशव्यांचे अख्खे दफ्तर होते. इंग्रज सरकारने ते मराठी अभ्यासकांना बरीच वर्षे सहजी बघू दिले नाही. शेवटी १९३० ते १९३४ ह्या काळात सरदेसायांनी त्यातले निवडक कागद ४५ खंडांत छापून काढले, तेव्हा आपल्या खापरपणजोबांनी काय पराक्रम केले आणि किती उधारी ठेवली, हे लोकांना कळले.

आता इथून मला तुम्हाला एकदम अमेरिकेला न्यायचे आहे. पासपोर्ट लागणार नाही. माझा भाचा नेईल.

माझा भाचा माणकोलीच्या बाजूला एका गोदामाच्या कचेरीत कॉम्प्युटरवर कामाला आहे. हजारो फायली तिथे ठेवलेल्या असतात: कोणाचा माल किती, कुठल्या फळीवर, कोणाला काय पगार. त्याच्या साहेबांना एक दिवस संशय आला, की पगाराची फाइल शिपायापासून सगळ्यांना वाचता येते. (संशय खरा होता. शिपायाला साहेबांचा पगार रुपयांनिशी पाठ होता.) तेव्हा भाच्याला काम मिळाले, की रोज रात्री सगळ्या फायली तपासायच्या आणि कोणती कोणाला उघडता येते ह्याची यादी सकाळी टेबलावर ठेवायची.

"म्हणजे तू रात्रभर एकेक फाइल उघडून बघतोस?" मी विचारले.

"उघडायची कशाला, मामा? मी फाइललाच विचारतो. तुला कोण वाचू शकतं, कोण लिहू शकतं."

"आणि ती सांगते?"

"सांगते की."

मी आयुष्यात अनेक कचेऱ्या पाहिल्या, पण 'सांगते की' असे उत्तर देणारी कचेरी पाहिली नव्हती. मी त्याला खाली बसवले, चहा ठेवायला सांगितले आणि म्हटले, "पहिल्यापासून सांग."

पहिल्यापासून म्हणजे १९६१ पासून. तोवर कॉम्प्युटर एका वेळी एकाचेच काम करी. तिथे परवानगीचा प्रश्न नव्हता. एकट्याच्या संसारात साखरेच्या डब्याला कोण कुलूप लावतो? १९६१ च्या नोव्हेंबरात अमेरिकेतल्या एमआयटीमध्ये फर्नांडो कोरबाटो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एकच कॉम्प्युटर एका वेळी अनेकांना वापरता येईल अशी योजना करून दाखवली. म्हणजे चाळ सुरू झाली. चाळ म्हटली, की पाळ्या आल्या, कुलुपे आली आणि शेजाऱ्याच्या डब्यात डोकावणेही आले. प्रत्येकाला परवलीचा शब्द मिळाला आणि वापरायला मोजके तास मिळाले.

ॲलन शेर नावाच्या संशोधकाला आठवड्याचे चार तास मिळत. त्याला ते पुरेनात. १९६२ साली त्याने काय केले? फाइल छापून हवी असेल तर एक पंच केलेले कार्ड टाकायचे, त्यावर खाते आणि फाइलीचे नाव लिहायचे, अशी तिथे सोय होती. त्याने शुक्रवारी रात्री परवलीच्या शब्दांच्या फाइलीचेच नाव लिहून कार्ड टाकले आणि शनिवारी सकाळी सगळ्यांचे शब्द छापील स्वरूपात घरपोच, म्हणजे कपाटपोच, मिळाले. पुढे पंचवीसेक वर्षांनी त्याने हे स्वतःच सांगून टाकले. १९६६ च्या सुमारास त्याच यंत्रावर दोन जण एकाच वेळी दोन फायलींवर काम करत असताना फायलींची अदलाबदल झाली आणि जो कोणी यंत्र सुरू करील त्याला रोजच्या सूचनेऐवजी सगळ्यांचे परवलीचे शब्द दिसू लागले. वेळ शुक्रवारी संध्याकाळी पाचची. मला हे ऐकून फार बरे वाटले. शुक्रवारी पाच वाजता घोटाळा व्हावा, हा नियम फक्त आपल्याकडच्या कचेऱ्यांना लागू नाही.

ह्या अनुभवातून शहाणी होऊन पुढची मंडळी निघाली. १९६९ मध्ये बेल लॅबोरेटरीत केन थॉम्पसन आणि डेनिस रिची ह्यांनी युनिक्स नावाची व्यवस्था रचायला घेतली. तिची पहिली माहितीपुस्तिका ३ नोव्हेंबर १९७१ ची आहे. त्या पहिल्याच पुस्तिकेत फाइलीची माहिती विचारणारी 'स्टॅट' नावाची सोय आहे आणि परवानगी बदलणारी 'सीएचमॉड' नावाचीही आहे. आज भाचा वापरतो ती ह्याच स्टॅटची नात म्हणायची. पायथन नावाच्या भाषेच्या लायब्ररीत ती मिळते. लायब्ररी म्हणजे दुसऱ्याने लिहून ठेवलेली कामे आपण आणून वापरायची जागा. आपल्या वाचनालयासारखीच, पण पुस्तक परत करावे लागत नाही आणि शेवटचे पान फाटलेले नसते.

युनिक्सची परवानगी समजायला सोपी आहे, कारण ती जणू मराठी कुटुंब डोळ्यांसमोर ठेवून केलेली आहे. प्रत्येक फाइलीपुढे तीन प्रकारची माणसे: मालक, त्याचा गट आणि बाकीचे. पहिल्या आवृत्तीत मालक आणि बाकीचे एवढेच होते. गट काही वर्षांनी आला. "गट म्हणजे कोण?" मी विचारले. भाचा शब्द शोधू लागला. मीच म्हटले, "कळलं. भाऊबंद." प्रत्येकाला तीन हक्क असू शकतात: वाचणे, लिहिणे आणि चालवणे. इंग्रजीत त्यांची आद्याक्षरे आर, डब्ल्यू, एक्स. आपण वा, लि, चा म्हणू. साध्या फाइलीवर असते 'वालि- वा-- वा--'. म्हणजे मालकाने वाचावे आणि लिहावे, भाऊबंदांनी नुसते वाचावे, बाकीच्यांनीही नुसते वाचावे. जिथे हक्क नाही तिथे रेघ. कोणाला काय नाही हेसुद्धा उघड दिसते, ही मला त्यातली मोठी सभ्यता वाटली.

आता स्टॅटला विचारले, की ह्या फाइलीची परवानगी काय, तर ती 'वालि' वगैरे काही बोलत नाही. ती म्हणते: ३३१८८.

"हे काय?" मी विचारले. "टोकन नंबर?"

नाही. त्यात सगळे उत्तर आहे, फक्त ते सरकारी भाषेत आहे. वाण्याकडे ४, २ आणि १ किलो अशी तीनच वजने असली तर शून्यापासून सातपर्यंतचे कुठलेही वजन करता येते आणि प्रत्येक वजन एकाच रीतीने होते. सहा म्हणजे चार अधिक दोनच, दुसरे काही नाही. वाचण्याचे वजन ४, लिहिण्याचे २, चालवण्याचे १. मालकाला वाचणे आणि लिहिणे, म्हणजे ६. भाऊबंदांना नुसते वाचणे, ४. बाकीच्यांना ४. झाले ६४४. ते ३३१८८ आपल्या दहाच्या हिशेबात आहे. आठाच्या हिशेबात मांडले, की १००६४४ होते. पुढचे १०० म्हणजे 'ही साधी फाइल आहे' एवढाच निरोप. तो बाजूला काढला, की ६४४ हाती येतात. सगळ्यांना सगळे हक्क दिले तर ७७७. भाच्याच्या कचेरीत घाईच्या वेळी सगळे ७७७ करून टाकतात आणि मग शिपायाला पगार पाठ होतो.

इथपर्यंत मी मान डोलावत होतो. पुढचे ऐकून चहा गार झाला.

फाइल वाचायची असेल तर वाचायची परवानगी लागते. पण तिची परवानगी काय आहे हे विचारायला फाइलीवरची कसलीही परवानगी लागत नाही. शून्य. फाइल तुम्हाला पूर्ण बंद असली तरी 'तू कोणाकोणाला उघडी आहेस?' हे तुम्ही विचारू शकता आणि ती खरे सांगते. लागते ते एवढेच, की तिच्यापर्यंत जाणाऱ्या वाटेवरची दारे तुम्हाला मोकळी हवीत. ह्या दारांना युनिक्समध्ये डिरेक्टरी म्हणतात. तिच्यावर 'चा' असेल तर आत जाता येते. 'वा' असेल तर आत काय काय आहे ह्याची यादी बघता येते. दोन्ही हक्क वेगळे. काही दारांवर 'चा' असतो आणि 'वा' नसतो. मग काय होते? फाइलीचे नाव ठाऊक असेल तर जाऊन विचारा, पण यादी मागू नका.

हे मात्र मला भाच्याने समजावावे लागले नाही. "कुठली फाइल हवी? नंबर सांगा." "नंबर कसा कळणार? यादी दाखवा." "यादी बघता येणार नाही." हा संवाद मी स्वतः तीन कचेऱ्यांत केलेला आहे. त्या साहेबांच्या वागण्याला इतके शास्त्रशुद्ध नाव आहे, हे मला ठाऊक नव्हते. आपल्या महाराष्ट्रात माहितीच्या अधिकाराचा कायदा अण्णा हजाऱ्यांच्या आंदोलनानंतर २००२ साली झाला, साऱ्या देशाचा २००५ साली. युनिक्सने ती सोय १९७१ लाच छापून ठेवली होती, अर्थात आपापल्या फायलींपुरती.

भाचा प्रामाणिक आहे. त्याने ह्या व्यवस्थेतल्या अडचणीही सांगितल्या. एक म्हणजे 'रूट'. हा सगळ्यांच्या वरचा वापरणारा. रूट म्हणजे मूळ. आपण त्याला मूळपुरुष म्हणू. फाइलीवर सगळीकडे रेघा असल्या तरी मूळपुरुष वाचतो आणि लिहितो. त्याचे नाव परवानगीत कुठेच नसते. प्रत्येक घराण्यात असा एक असतो. दुसरी अडचण वेळेची. तुम्ही विचारलेत तेव्हा दार उघडे होते. तुम्ही आत पाऊल टाकेपर्यंत कोणी बंद केले, तर तुमचे उत्तर शिळे झाले. म्हणून एकदा विचारून जन्मभर निर्धास्त राहणे बरे नाही.

तिसरी गोष्ट गमतीची. समजा, मालकाला ० आणि बाकीच्यांना ७ दिले, तर काय होईल? युनिक्स आधी बघते, तू मालक आहेस का? आहेस. मग तुझा हक्क शून्य. पुढे बघायचे नाही. म्हणजे सारा गाव ती फाइल वाचू शकतो आणि मालक एकटाच वाचू शकत नाही.

"मग मालकाने करायचं काय?"

"परवानगी बदलायची. तो हक्क मालकाचा असतोच. नुसती लिहायची मुभा असलेल्याला तो नसतो. फक्त, मामा, आपण मालक आहोत हे मालकाला ठाऊक पाहिजे."

हे वाक्य त्याने सहज टाकले आणि माझ्या डोळ्यांसमोर आमच्या चाळीतल्या काकू आल्या.

काकूंचे सासर तालुक्यातल्याच एका गावचे. काका गेले त्याला तीस वर्षे झाली. तेव्हापासून दर दिवाळीला दीर तांदळाचे पोते घेऊन येत आणि म्हणत, "वहिनी, तुमचं नाव लावलंय हो सातबाऱ्यावर. कागद आमच्याकडे आहेत. तुम्ही कशाला त्रास घेता?" काकू त्रास घेत नसत. पुढे त्या गावाकडे गोदामे सरकू लागली, भाताच्या खाचराला बंगल्याचा भाव आला आणि दिवाळीचे पोते येईनासे झाले. काकूंनी पोत्याचे कारण विचारले तर उत्तर आले, "तुम्हाला काय करायचंय?"

त्या रात्री मी भाच्याला म्हटले, "ती तुझी विचारायची सोय जमिनीला चालते का?" तो हसला. त्याने मोबाइल काढला. सरकारच्या भूलेखाच्या संकेतस्थळावर सातबारा कोणालाही फुकट बघता येतो. डिजिटल सहीचा उताराही २०१८ पासून मिळतो. जिल्हा, तालुका, गाव, नाव. दारे एकामागून एक उघडत गेली. सातबारा म्हणजे गाव नमुना सात आणि गाव नमुना बारा एकत्र. सातमध्ये मालकी आणि हक्क, बारामध्ये पिके. सातावर दोन्ही दिरांची नावे होती. काकूंचे नव्हते. तीस वर्षे तो कागद गावातल्या कोणालाही बघता आला असता. बघितला नव्हता तो फक्त काकूंनी.

काकू बराच वेळ मोबाइलकडे बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "खालपर्यंत सरकव बघू. मागल्या बाजूला असेल." मोबाइलला मागली बाजू नसते, हे सांगायला त्या वेळी आमच्यातला कोणी धजावला नाही.

वाचायचा हक्क सगळ्यांना, लिहायचा तलाठ्याला. (हल्ली त्यांना ग्राम महसूल अधिकारी म्हणतात, पण भिवंडीत अजून तलाठीच कानाला येतो.) महाराष्ट्राच्या १९६६ च्या जमीन महसूल कायद्यात ह्याची रीत घालून दिलेली आहे. वारसाने अर्ज द्यायचा. तलाठ्याने फेरफाराच्या वहीत, म्हणजे गाव नमुना सहात, नोंद घ्यायची. चावडीवर नोटीस लावायची. हितसंबंधीयांना पंधरा दिवस हरकतीला द्यायचे. मग वरच्या अधिकाऱ्याने नोंद मंजूर करायची, तेव्हा ती सातबाऱ्यावर चढते. म्हणजे लिहिणारा एक, खरे करणारा दुसरा आणि मधे सगळ्या गावाने वाचायचे. हे ऐकून भाचा म्हणाला, "मामा, हे तर आमच्यापेक्षा कडक आहे."

काकूंनी मृत्यूचा दाखला काढला, लग्नाचा फोटो काढला, रेशनकार्ड काढले. मी बरोबर गेलो. दिरांनी अर्थातच हरकत घेतली. सुनावण्या झाल्या. एका सुनावणीत धाकटे दीर म्हणाले, "वहिनींचा हिस्सा आम्ही कधी नाकारला? लिहायचं तेवढं राहिलं होतं." तीस वर्षे राहिले होते. काकूंनी डोक्यावरचा पदर सारखा केला आणि साहेबांना म्हणाल्या, "मग आता लिहा." संपूर्ण प्रकरणात त्यांनी केलेला युक्तिवाद एवढाच.

आठ महिन्यांनी नाव लागले. वकील म्हणाले, सातबाऱ्यावर नाव लागले म्हणजे मालकीचा वाद कायमचा मिटला असे नाही. उलट सिद्ध होईपर्यंत ते खरे धरतात, इतकेच. काकूंना तो 'इतकेच' पुरेसा होता. त्यांनी छापील उतारा देवापुढे ठेवला, हळदकुंकू वाहिले आणि आम्हाला पेढे दिले. शिलाहारांचा दगड असता तर त्यालाही वाहिले असते, गाढवासकट.

तेव्हापासून दर महिन्याच्या एक तारखेला काकू भाच्याला हाक मारतात. चष्मा पुसून शेजारी बसतात. तो मोबाइल काढतो. जिल्हा ठाणे, तालुका भिवंडी, गाव, नाव. उतारा उघडतो, काकू बोट ठेवून आपले नाव अक्षर लावून वाचतात आणि "बरं" म्हणून उठतात. परवा भाचा जरा वैतागून म्हणाला, "काकू, एकदा लागलेलं नाव असं कुठं जातं? दर महिन्याला काय बघायचं?"

काकू म्हणाल्या, "लागलंय, असं मागेही सांगितलं होतं रे मला. तीस वर्षं."

भाच्याने मुकाट्याने मोबाइल उघडला.